इंग्रजी शिक्षकांचं तंत्रज्ञान प्रशिक्षण: आधी आवाज, मग ॲप

सरकारी शाळांतल्या इंग्रजी शिक्षकांचं तंत्रज्ञान प्रशिक्षण पहिल्यांदाच घ्यायची जबाबदारी अंगावर पडली, की पहिला मोह होतो तो ॲपची यादी करण्याचा. दोन दिवसांत पंधरा-वीस ॲप दाखवली जातात, टाळ्या पडतात, आणि तिसऱ्या दिवशी वर्गात त्यांतलं एकही चालत नाही. एकाला नेट लागतं, दुसऱ्याला प्रत्येक मुलाचं लॉगिन, तिसऱ्याला मुलांच्या हातात फोन. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि प्रशिक्षण एका पाठाभोवती बांधा.

दोन दिवसांच्या शेवटी प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये एवढंच हवं: पुढच्या आठवड्यात ते शिकवणार असलेल्या पाठावरची ६० ते ९० सेकंदांची एक ऑडिओ क्लिप, तिच्यावरच्या तीन कृती, आणि पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी. सगळं नेटशिवाय चालणारं आणि शेवटच्या बाकापर्यंत नीट ऐकू जाणारं.

आवाजावर एवढा भर का, हे शिक्षकांना सुरुवातीलाच सांगा. वाचन आणि लेखन फळा-पुस्तकावर निभावतं. पण बहुतेक मुलांच्या कानावर इंग्रजी पडतं ते एकाच माणसाच्या आवाजात, ते म्हणजे त्यांचे शिक्षक. दुसरी गोष्ट अशी, की माणूस तेच वाक्य दुसऱ्यांदा हुबेहूब तसंच म्हणू शकत नाही. मुलांना कळलं नाही असं दिसलं की शिक्षक नकळत सावकाश, तोडून, सोपं करून बोलतात, आणि मुलं ऐकायला नाही तर थांबायला शिकतात. रेकॉर्डिंग तसं करत नाही. ते पाच वेळा लावलं तरी तेच राहतं.

दोन आठवडे आधी

सगळ्यांना एक छोटी प्रश्नावली पाठवा. फोन कोणता, त्यात किती जागा मोकळी, ईमेलचा पासवर्ड आठवतो का, शाळेत स्पीकर, टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे का आणि तो चालू आहे का, इंग्रजीच्या तासाला वीज असते का, वर्गात मुलं किती. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटचा: प्रशिक्षणानंतरच्या आठवड्यात कोणता पाठ शिकवणार? हे उत्तर न देता आलेले शिक्षक दोन्ही दिवस पाहुण्यासारखे बसतात. त्यांना फोन करून पाठ ठरवून घ्या.

पासवर्डचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सकाळचं पहिलं सत्र बहुतेक वेळा त्यातच बुडतं. कुणाचं खातं मुलाने काढून दिलेलं, कुणाचा ओटीपी घरी राहिलेल्या नंबरवर. म्हणून पहिल्या दिवशी खातं लागेल असं काहीही ठेवू नका.

नेटचा हिशोब कागदावर करून पाहा. २४ जणांनी ६० एमबीचं एक ॲप उतरवायचं तर १,४४० एमबी लागतात. १० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी जवळपास २० मिनिटं जातात, आणि एकाच राउटरवर २४ फोन लटकले की ती पूर्ण वेगाने चालत नाहीच. लागणारं सगळं एका फोल्डरमध्ये भरून तीन-चार पेन ड्राइव्ह तयार ठेवा. फोनवरून फोनवर द्यायला अँड्रॉइड फोनमधलं क्विक शेअर नेटशिवाय चालतं.

दोन मार्गदर्शकांमागे २४ शिक्षक ही आमच्या मते वरची मर्यादा. त्याहून जास्त झाले की अडलेला माणूस मदतीची वाट पाहतो आणि मग फक्त बघत बसतो. जोड्या लावताना ‘येणारा’ आणि ‘न येणारा’ अशी जोडी लावू नका. येणारा फोन हातात घेतो आणि सगळं करून देतो. एकच इयत्ता शिकवणारे दोघं शेजारी बसवा आणि नियम करा: फोन ज्याचा, बोट त्याचं. मार्गदर्शकांनाही हाच नियम.

पहिला दिवस: क्लिप तयार करणं

पहिला तास दाखवण्यात घालवू नका. दहा मिनिटं दाखवा आणि लगेच कामाला लावा. फोनमधलं नेहमीचं रेकॉर्डर ॲप पुरतं.

१. खोली निवडा. मोकळ्या भिंतींची रिकामी खोली घुमते. पडदे, गाद्या, कपडे, पुस्तकांनी भरलेली कपाटं असलेली खोली चांगली. पंखा बंद.

२. फोन फ्लाइट मोडवर टाका. मध्येच कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं.

३. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर ‘प’ आणि ‘ब’ला हवेचा फटका बसून फट्फट् आवाज येतो. दूर ठेवला तर खोली ऐकू येते, माणूस नाही.

४. बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद गप्प राहा. ही शांतता पुढे आवाज स्वच्छ करताना लागते.

५. नेहमीच्या वेगाने बोला. सावकाश हवं असेल तर वाक्यखंडांमधला विराम वाढवा, शब्द ताणू नका.

पाचव्या पायरीवर थोडं थांबा, कारण चूक इथेच होते. शिक्षक स्पष्टपणाच्या नादात शब्द सुटे सुटे उच्चारतात. पण बोलण्यातल्या इंग्रजीत ‘टू’, ‘ऑफ’, ‘कॅन’, ‘अँड’ हे शब्द जवळजवळ गिळले जातात, जोर पडतो तो नामं आणि मुख्य क्रियापदांवर. प्रत्येक शब्दावर सारखा जोर देऊन केलेली क्लिप ऐकून तयार झालेलं मूल खरं बोलणं ऐकलं की गोंधळतं. शक्यतो दोन शिक्षकांनी मिळून संवाद रेकॉर्ड करावा. दोन वेगळे आवाज आले की मुलांना कोण बोलतंय तेही कळतं आणि कंटाळाही येत नाही.

तयार ऑडिओ हवा असेल तर केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशांत ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिशवर पातळीनुसार श्रवणपाठ आहेत. लिब्रिवॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं आहेत, पण त्यांची भाषा जुनी आणि वाचनाचा दर्जा कमी-जास्त. दुसऱ्याचं साहित्य कापून जोडून पुढे वाटायचं असेल तर परवाना पाहा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (साहित्य मोफत वापरू देणाऱ्या) परवान्यात ‘एनडी’, म्हणजे ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’, असेल तर बदल केलेली प्रत वाटता येत नाही.

क्लिप स्वच्छ करणं आणि जतन करणं

फोनमध्ये पुढचा-मागचा भाग कापता आला तरी काम भागतं. लॅपटॉप असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. आधी ती सुरुवातीची शांतता निवडा, इफेक्टच्या यादीतून नॉइज रिडक्शन उघडून नॉइज प्रोफाइल, म्हणजे मागच्या गोंगाटाचा नमुना, घ्या. मग पूर्ण क्लिप निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडा आणि लागू करा. ६ ते १२ डेसिबल पुरे. हावरटपणाने जास्त केलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

इथे एक अडचण हमखास येते. बरेच फोन रेकॉर्डिंग ‘एमफोरए’ प्रकारात ठेवतात. विंडोजवरची ऑडॅसिटी ते एफएफएमपेग हे मोफत जोड-सॉफ्टवेअर बसवल्याशिवाय उघडत नाही, आणि पेन ड्राइव्ह लावायचे बरेच स्वस्त स्पीकरही ते वाजवत नाहीत. एफएफएमपेग आधीच बसवून ठेवा आणि शेवटची फाइल नेहमी एमपीथ्री करा. बोलण्यासाठी मोनो, ६४ केबीपीएस भरपूर झालं: मिनिटाला साधारण अर्धा एमबी. तेच सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये मिनिटाला सुमारे १० एमबी होतं.

फाइलचं नाव इयत्ता, पाठ आणि क्रमांक असं ठेवा, उदाहरणार्थ ‘०१_सातवी_पाठ३_संवाद’. काही जुन्या साधनांवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत लिहा. पेन ड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला असावा, जुने स्पीकर दुसरा प्रकार ओळखत नाहीत. शिवाय बरेच स्पीकर फाइली नावाच्या क्रमाने नाही, तर ज्या क्रमाने कॉपी केल्या त्या क्रमाने वाजवतात. एकेक करून क्रमानेच कॉपी करा.

वेग कमी करायला वेगळी फाइल करायची गरज नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग बदलता येतो आणि आवाजाची पट्टी तीच राहते. लॅपटॉपवर चौकटी कंसाच्या डाव्या कळीने वेग कमी, उजव्या कळीने जास्त, आणि बरोबरच्या चिन्हाने पूर्ववत. ०.८५ पर्यंत कानाला खटकत नाही. ०.७५ च्या खाली गेलात की स्वर लांबून शब्द ओळखू येईनासे होतात.

स्पीकर: जिथे बहुतेक पाठ पडतात

ब्लूटूथ स्पीकर काही वेळ शांत राहिला की आतून झोपतो. क्लिप सुरू केली की तो जागा होईपर्यंत पहिला शब्द, कधी पहिले दोन शब्द जातात. प्रश्नार्थक वाक्यात तोच शब्द महत्त्वाचा असतो: ‘व्हेअर’ गेलं की मुलांनी उत्तर कशाचं द्यायचं? उपाय सोपा आहे. क्लिपच्या सुरुवातीला एक टिंग आणि त्यानंतर सेकंदभर थांबून बोलणं सुरू. नुसती शांतता ठेवून भागत नाही, कारण काही स्पीकर शांततेवर जागेच होत नाहीत. वायर लावता येत असेल तर हा प्रश्नच उरत नाही, आणि आम्ही नेहमी वायरच्याच बाजूने मत देऊ.

स्पीकर टेबलावर फळ्यापाशी ठेवून आवाज वाढवला की पुढच्या मुलांचे कान बसतात आणि मागे नुसता गोंगाट पोचतो. स्पीकर मुलांच्या कानाच्या उंचीला, शक्य तितका वर्गाच्या मध्याकडे ठेवा. बेस कमी करा. इंग्रजी शब्दांतला फरक बऱ्याचदा ‘स’, ‘फ’, ‘थ’, ‘ट’ यांसारख्या व्यंजनांवर ठरतो, आणि घुमणाऱ्या खोलीत आधी तीच हरवतात.

तपासणी कानाने करा, अंदाजाने नाही. दहा शब्दांची एक क्लिप करा, ज्यात चुकायला वाव आहे असे शब्द घ्या: ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’, ‘शिप’ की ‘शीप’, ‘कॅन’ की ‘कान्ट’. एका शिक्षकाला शेवटच्या बाकावर बसवून लिहायला सांगा. आठ बरोबर आले तर जागा आणि आवाज ठीक. सहा आले तर क्लिप कितीही चांगली असो, त्या वर्गात ती चालणार नाही. स्पीकर हलवा, खिडक्या लावा, पुन्हा करा.

क्लिपवरच्या कृती

क्लिप तीनदा लावायची आणि दर वेळी काम वेगळं. पहिल्यांदा एकच ढोबळ प्रश्न: किती माणसं बोलतायत, कुठे आहेत? दुसऱ्यांदा तपशील: वेळ, संख्या, नाव, क्रम. तिसऱ्यांदा हातात संहिता देऊन, जिथे कळलं नाही तिथे खूण. प्रश्न ऐकण्याआधी द्यायचा, संहिता शेवटी. बहुतेक शिक्षक हे उलटं करतात. आधी संहिता वाचून घेतात आणि मग क्लिप लावतात, म्हणजे ते वाचनच झालं.

प्रश्न तपासायची युक्ती: ज्याने क्लिप ऐकलेली नाही अशा शेजाऱ्याला प्रश्न सोडवायला द्या. ‘मुलगा आजारी होता म्हणून तो कुठे गेला?’ याचं उत्तर दवाखाना, हे ऐकायची गरजच नाही. न ऐकता सुटलेला प्रश्न काढून टाका.

बोलण्यासाठी फोन

व्हॉइस टायपिंग सगळ्यांना आवडतं: मूल बोलतं, अक्षरं उमटतात. पण ते उच्चाराचं परीक्षक नाही, हे ठासून सांगा. ही यंत्रणा आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधते. ‘शिप’ समुद्रावर चालली असं वाक्य असेल तर मुलाने ‘शीप’ म्हटलं तरी ती ‘शिप’च लिहील. सुटा शब्द बोलला तर उलट, बरोबर उच्चारही चुकीचा धरू शकते. मोठ्याने, सलग, न घाबरता बोलायचा सराव म्हणून वापरा, गुण देण्यासाठी नको. भाषेची ऑफलाइन फाइल फोनच्या सेटिंगमधून आधीच उतरवून ठेवली तर अनेक फोनवर ते नेटशिवायही चालतं.

मुलांचं बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर हिशोब आधी. ४० मुलं, प्रत्येकी ३० सेकंद, म्हणजे नुसतं बोलणंच २० मिनिटं. ऐकून शेरा द्यायला मुलामागे दोन मिनिटं धरली तर ८० मिनिटं. दर आठवड्याला आठच मुलं घ्या, पाच आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. मुलाचा आवाज आणि चेहरा ही खाजगी माहिती आहे. पालकांची परवानगी घ्या, गटांवर टाकू नका, काम झालं की पुसून टाका.

पडदा, चाचणी आणि एआय

प्रोजेक्टरवर फार वेळ घालवू नका. विंडोज आणि पी ही कळ एकत्र दाबून डुप्लिकेट निवडायचं, अक्षर ३२ च्या खाली न्यायचं नाही, एका पडद्यावर सहाच ओळी. पुस्तकाच्या पानाचा फोटो पडद्यावर कुणालाच वाचता येत नाही, तो टाळा.

चाचणीसाठी शिक्षकांच्या फोनवर नेट असेल पण मुलांकडे फोन नसतील तर प्लिकर्स हे ॲप चांगलं. मुलांच्या हातात छापलेलं कार्ड, ज्या बाजूला उत्तर ती बाजू वर, आणि शिक्षक एका फोनने वर्गावरून कॅमेरा फिरवतात. कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला ती दिसत नाहीत. बोटं काळ्या भागावर आली तरी तेच. नेट असेल आणि गूगल फॉर्म्सवर चाचणी करत असाल तर एका शब्दाच्या उत्तरासाठी शक्य ती सगळी रूपं उत्तरसूचीत भरा, नाहीतर स्पेलिंगच्या किरकोळ फरकाने बरोबर उत्तर चुकीचं धरलं जाईल. वाटण्याआधी मुद्दाम दोन-तीन तऱ्हेने उत्तरं भरून पाहा.

एआय चॅट साधनांवर एक तास द्या, जास्त नाही. त्यांचा खरा उपयोग म्हणजे पाठाचा विषय आणि शब्द देऊन मुलांच्या पातळीचा छोटा संवाद लिहून घेणं. पातळी भाषाकौशल्य मोजायच्या युरोपीय चौकटीच्या (सीईएफआर) ए-वन, ए-टू या सुरुवातीच्या पातळ्यांच्या खुणांनी सांगता येते, पण यंत्राने ‘ए-टू’ म्हटलं म्हणून ते ए-टू नसतं. मागणी मोजता येईल अशी करा: आठ वाक्यं, प्रत्येक वाक्यात दहापेक्षा जास्त शब्द नाहीत, फक्त साधा भूतकाळ, हे सहा शब्द आलेच पाहिजेत. मग प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा. आलेला संवाद बहुतेक वेळा फार गुळगुळीत असतो, सगळे एकमेकांशी अति सभ्यपणे बोलतात. शिक्षकांनी तो स्वतःच्या मुलांसारखा बोलका करून घ्यायचा. मुलांची नावं, गुण, अडचणी तिथे टाकायच्या नाहीत.

वरून उद्दिष्टांचा तक्ता मागितला गेला, तर युनेस्कोने शिक्षकांसाठी केलेली आयसीटी (माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान) कौशल्यांची चौकट वापरा. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत तीन स्तरांवर मिळून १८ क्षमता आहेत. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने त्यांतल्या दोन-तीनच शिवता येतात. तक्त्यात अठराही भरायचा मोह टाळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी: पाठ घेऊन दाखवणं

हा भाग वेळ कमी पडला म्हणून कापला जातो, आणि तो कापला की बाकी सगळं पाण्यात जातं. २४ जणांना दहा-दहा मिनिटं एकाच खोलीत दिली तर चार तास लागतील. सहा-सहाचे चार गट करून चार कोपरे किंवा चार खोल्या घ्या, तासाभरात होतं. बाकीचे पाच जण मुलं. त्यांतल्या एकाने फक्त घड्याळ पाहायचं: वर्गात आल्यापासून पहिला आवाज निघेपर्यंत किती वेळ गेला? दोन मिनिटांपेक्षा जास्त लागले तर जुळवाजुळव पुन्हा करून घ्या, कारण खऱ्या वर्गात तेवढ्यात मुलं हातची जातात.

आणि प्रत्येक पाठात तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी स्पीकर बंद करावा. वीज गेली, बॅटरी संपली, काहीही समजा. शिक्षकांकडे संहितेचा छापील कागद असला पाहिजे आणि तोच संवाद दोन मुलांकडून वाचून घेऊन पाठ पुढे नेता आला पाहिजे. पाठटाचणात ही पर्यायी कृती एका ओळीत लिहिलेली आहे का, ते तपासा.

प्रशिक्षणानंतर

व्हॉट्सॲप गट करा, पण दोन नियमांसह. क्लिप नेहमी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची, म्हणजे नाव तसंच राहतं आणि व्हिडिओ असेल तर दर्जा घसरत नाही. आणि गटावर फोटो नकोत. स्पीकरसमोर उभ्या शिक्षकांचा फोटो काहीच सांगत नाही. त्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात तीन गोष्टी मागा: वापरलेली क्लिप, पाठटाचणाचं पान, आणि एका मुलाने ऐकून लिहिलेल्या उत्तरांचा कागद, नाव झाकून. तिसऱ्या गोष्टीवरून बरंच कळतं. सगळ्या वर्गाचा एकच प्रश्न चुकला असेल तर बहुतेक वेळा दोष मुलांचा नसतो, क्लिपमधली ती जागा अस्पष्ट असते.

सहाव्या आठवड्यात प्रत्येकाला फोन करा आणि ‘कसं चाललंय’ असं विचारू नका, उत्तर ‘छान’ येतं. विचारा: शेवटची क्लिप कोणत्या वारी लावली? ज्यांनी लावलीच नाही त्यांच्याकडून कारण काढून घ्या. ते क्वचितच तंत्राचं असतं. एकच स्पीकर आणि दोन वर्गांचे इंग्रजीचे तास एकाच वेळी, किंवा स्पीकर कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. म्हणून मुख्याध्यापकांना जे पत्र जातं त्यातच लिहा: स्पीकर कोणाच्या ताब्यात राहील, दुसरी किल्ली कोणाकडे, चार्जिंग कोण करेल, आणि इंग्रजीचे तास एकमेकांवर येणार नाहीत असं वेळापत्रकात कुठे बसवता येईल. त्या पत्रावर मुख्याध्यापकांची सही घेऊन एक प्रत शिक्षकांनी स्वतःकडे ठेवावी.